मालिकेचं शीर्षकगीत आणि रात्रीची गोळी

"दुखायला कधीपासून लागलं?" हा प्रश्न आम्ही डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा विचारतो. दुखणं कुठलं आहे हे अर्धंअधिक या एका उत्तरावरून कळतं. पाठ्यपुस्तकात असं धरलेलं असतं की, पेशंट घड्याळात पाहून उत्तर देईल. रत्नागिरीत पंचवीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करताना घड्याळातली वेळ सांगणारे पेशंट मला फार कमी भेटले. "मांडवीला फिरून आलो आणि मग", "वस्तीची एसटी आली तेव्हा", "आरती चालू होती" अशी उत्तरं येतात. आणि संध्याकाळनंतर काही झालं असेल तर हमखास मालिका येते. "ते गाणा लागला ना टीव्हीवर, तवाच छातीत भरून आल्यासारखा झाला बघा."

नव्याने आलेल्या डॉक्टरला याची गंमत वाटते. मला मात्र हे उत्तर फार आवडतं. "आठ-साडेआठ झाले असतील" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अंदाज बांधत असतो. "अमुक मालिकेचं गाणं लागलं होतं" असं म्हणणारा अंदाज करत नसतो. ते गाणं रोज ठरलेल्या वेळीच लागतं आणि ती वेळ मला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडूनही पडताळून घेता येते.

आज विषय आहे मालिकांचं शीर्षकगीत, म्हणजे टायटल साँग. आरोग्याच्या ब्लॉगवर हे काय, असं वाटेल. पण रक्तदाबाची गोळी, पक्षाघात आणि विसराळूपणाचा आजार या तिन्ही ठिकाणी हे गाणं मला भेटलेलं आहे.

गल्लीभर एकच गाणं

मी प्रॅक्टिस सुरू केली त्याच सुमारास, १९९९ मध्ये, अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली. तेच आजचं झी मराठी. तिच्यावर 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी घराघरात पोचली. त्या मालिकेचं शीर्षकगीत मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलं, अशोक पत्की यांनी चाल दिली आणि देवकी पंडित यांनी गायलं. मालिका संपून दोन दशकं उलटली, तरी त्या गाण्याचे पहिले दोन सूर वाजले की चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस मान वर करतो. पुढे २००३ मध्ये 'वादळवाट' आली. तिचं गाणंही याच गीतकार-संगीतकार जोडीचं होतं आणि तेही तसंच गाजलं.

त्या काळात संध्याकाळची ओपीडी आटोपून घरी चालत जाताना एक गोष्ट रोज अनुभवायला मिळायची. एका घराच्या खिडकीतून गाणं ऐकू यायचं, चार पावलं पुढे गेलं की दुसऱ्या घरातून तेच गाणं, तिसऱ्या घरातूनही तेच. आख्खी आळी एकाच वेळी एकच गाणं ऐकत असायची. माझी ओपीडीसुद्धा त्या वेळेआधी रिकामी व्हायची. ताप असलेला माणूसदेखील "डॉक्टर, जरा लवकर बघा ना" म्हणायचा. त्याआधी रविवारी सकाळी 'रामायण'ने हेच केलं होतं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ते सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. रवींद्र जैन यांचं शीर्षकसंगीत सुरू झालं की रस्ते ओस पडायचे.

सिनेमाचं गाणं आणि मालिकेचं गाणं यात एक मोठा फरक आहे. सिनेमाचं गाणं आवडलं तर माणूस ते पुन्हा मुद्दाम ऐकतो. मालिकेचं गाणं आवडो न आवडो, रोज कानावर पडतं. आठवड्याचे पाच दिवस धरले, तरी वर्षाला अडीचशे वेळा झालं. तीन वर्षं मालिका चालली तर साडेसातशे वेळा. शाळेतली कुठलीही कविता आपण इतक्या वेळा म्हटलेली नसते. शिवाय ते नेहमी त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर ऐकलेलं असतं.

या गाण्याचं काम साधं असतं. स्वयंपाकघरातल्या बाईला, ओटीवर बसलेल्या आजोबांना आणि अभ्यासाच्या नावाखाली आत बसलेल्या पोरांना हाक मारायची. मेंदूच्या भाषेत सांगायचं तर तो एक इशारा असतो. पावलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असेल. खाणं मिळणार असल्याची खूण एकदा पटली की नुसत्या खुणेनेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आपणही याला अपवाद नाही. गाणं लागलं की हात आपोआप गॅस बारीक करतो, पाय आपोआप बाहेरच्या खोलीकडे वळतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. या "विचार करावा लागत नाही" मध्येच औषधोपचाराच्या दृष्टीने मोठी सोय लपलेली आहे.

काकूंची गोळी

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. शहरातल्याच एक काकू, वय साधारण साठ, रक्तदाबासाठी माझ्याकडे येत. दर वेळी मोजलं की १७० च्या पुढे. गोळी वाढवायची की बदलायची, असा प्रश्न होता. मी म्हटलं, "काकू, पुढच्या वेळी येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या, रिकामी झालेली आणि उरलेली सगळी."

त्या पिशवी घेऊन आल्या. महिन्याच्या तीसपैकी तेरा गोळ्या शिल्लक होत्या.

काकू काही बेफिकीर नव्हत्या. घरातल्या सगळ्यांची औषधं त्याच सांभाळत. चिठ्ठीवर लिहिलं होतं "रात्री ९ वाजता एक". पण नऊ वाजता त्या नातवाला झोपवत असत. तो झोपेपर्यंत त्यांचाही डोळा लागायचा. घड्याळात नऊ वाजतात, पण कुणी येऊन "काकू, नऊ वाजले" असं सांगत नाही. ते आपलं आपण लक्षात ठेवून पाहावं लागतं.

स्मरणशक्तीचे अभ्यासक यात दोन प्रकार करतात. एक, "अमुक वाजता अमुक करायचं" हे लक्षात ठेवणं. दुसरा, "अमुक घडलं की अमुक करायचं" हे लक्षात ठेवणं. पहिल्यात सतत घड्याळावर लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्यात घडणारी गोष्टच आठवण करून देते. वय वाढतं तसा पहिला प्रकार जास्त जड जातो, दुसरा त्या मानाने टिकून राहतो.

मी काकूंना विचारलं, "तुमच्या रात्रीत रोज न चुकता काय होतं?" त्या जरा संकोचून म्हणाल्या, "आमची मालिका." मग ठरवलं की मालिकेचं गाणं लागलं की गोळी. गोळ्यांची स्टीलची डबी रिमोटच्या शेजारी ठेवायची आणि पाण्याचं तांब्या-भांडंही तिथेच. गाणं संपायच्या आत गोळी पोटात.

पुढच्या महिन्यात रक्तदाब १३८ वर ८४. औषध तेच होतं, मात्राही तीच. मी पुन्हा पाकिटं पाहिली, तर चार गोळ्या उरलेल्या. कुठल्या, ते काकूंनीच ओळखलं आणि हसायला लागल्या. मालिका सोमवार ते शनिवार होती. उरलेल्या चारही गोळ्या रविवारच्या होत्या!

अर्ध्या गोळ्या डब्यातच

काकूंचं उदाहरण वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल काढला. दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे नियमित घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असतं, असं त्यात म्हटलं होतं. आणि गरीब देशांत ते याहून कमी. म्हणजे औषध लिहून दिलं, विकत घेतलं, घरी आणलं आणि तरीही निम्म्या लोकांच्या बाबतीत ते पुरेसं पोटात गेलं नाही.

रक्तदाबात हे जास्त घडतं, कारण रक्तदाब दुखत नाही. गुडघा दुखला की गोळी आठवते. रक्तदाब १७० असतानाही माणूस गणपतीला ढोल वाजवू शकतो. आतमध्ये मात्र मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं तो जादा दाब सोसत असतात. एके दिवशी त्यातली एखादी बंद होते किंवा फुटते. ज्या आजाराचं काही जाणवत नाही, त्याच्या औषधाची आठवण बाहेरून कुणीतरी करून द्यावी लागते.

"पण मालिकेच्या वेळेला गोळी घेतलेली चालते का? गोळी सकाळी घ्यायची की रात्री?" हा नेहमीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर यासाठी 'टाइम' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. २०२२ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या लोकांनी रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेतल्या, निम्म्यांनी संध्याकाळी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत रक्तदाबाच्या गोळीची चांगली वेळ म्हणजे जी चुकत नाही ती वेळ.

याला अपवाद आहेत. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर झोपमोड होते आणि अंधारात उठताना म्हातारी माणसं पडतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात. म्हणून वेळ बदलायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस असं लोक सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली ९६ जणांवर हे पाहिलं. एखादी नवी गोष्ट ठरलेल्या इशाऱ्याबरोबर रोज करायची आणि ती अंगवळणी कधी पडते ते मोजायचं. सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत तो आकडा २५४ पर्यंत निघाला. त्यात एक दिलासा देणारी गोष्टही होती. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. म्हणून रविवार चुकला तर सोमवारी पुन्हा सुरू करायचं. मात्र चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी एकदम दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत.

शेवटचं नीट कधी पाहिलं?

आता दुसरी गोष्ट. पावसच्या बाजूच्या एका वाडीतलं घर. सासूबाई अडुसष्टच्या. रात्री आठची मालिका सुरू झाली तेव्हा त्या टीव्हीसमोर सोलं निवडत बसल्या होत्या. सुमारे पंचवीस मिनिटांनी सून पाणी द्यायला आली, तर सासूबाईंच्या हातातलं ताट घसरलेलं, तोंड एका बाजूला झुकलेलं आणि बोलणं बोबडं. नशिबाने शेजारी गाडी होती. मला फोन आला. मी म्हटलं, "माझ्याकडे आणू नका. सीटी स्कॅनची सोय आहे त्या रुग्णालयात थेट न्या, मी तिथे येतो."

साडेनऊला त्या पोचल्या. मी विचारलं, "कधी झालं?" मुलगा म्हणाला, "नऊच्या सुमारास." तो नऊला कामावरून परतला होता, त्यामुळे त्याच्या लेखी आजार नऊला सुरू झाला. सून म्हणाली, "नाही हो. मी पाहिलं तेव्हा साडेआठ व्हायचे होते." मी पुढे विचारलं, "त्याच्या आधी त्या नीट होत्या हे शेवटचं कधी पाहिलंत?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गाणं लागलं होतं. त्या गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. मला म्हणाल्या, आवाज वाढव."

हेच उत्तर मला हवं होतं. आठ वाजता त्या स्पष्ट बोलत होत्या, गुणगुणत होत्या.

ही वेळ इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितका फायदा जास्त, कारण या प्रकारच्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असं गणित मांडलेलं आहे. उशिरा दिलं तर फायदा कमी होतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून आम्ही घड्याळ लावतो ते "कधी लक्षात आलं" इथपासून नव्हे, तर "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं" इथपासून. आजार या दोन वेळांच्या मध्ये कधीही सुरू झालेला असू शकतो आणि आम्हाला सुरक्षित बाजू धरावी लागते. झोपेतून उठताना पक्षाघात दिसला तर हाच पेच पडतो. शेवटची नीट असल्याची वेळ मग आदल्या रात्रीची धरावी लागते.

आठपासून साडेचार तास म्हणजे साडेबारापर्यंत वेळ होता. मुलाच्या हिशोबाने तो दीडपर्यंत गेला असता. त्या दिवशी तेवढ्यावर अडलं नसतं, पण लांजा-राजापूरकडून किंवा आंबा घाटातून माणूस आणताना एका तासाचा हा फरक निर्णय फिरवू शकतो. घरच्यांना वेळ सांगताच आली नाही तर बरेचदा इंजेक्शन देताच येत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बाकीच्या तपासण्या करून दहाच्या सुमारास इंजेक्शन सुरू केलं.

पुढे काय झालं हेही सांगतो. इंजेक्शनने जादू झाली नाही. तीन महिन्यांनी आजी काठीशिवाय चालत आल्या, बोलणं स्वच्छ होतं. उजव्या हाताने ब्लाउजची बटणं मात्र अजून नीट लागत नव्हती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही गेले दोन महिने बंद होत्या, "बरं वाटत होतं म्हणून".

पक्षाघाताची खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. तोंडातून पाणी, चहा, खाणं काही देऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. ॲस्पिरिनही घरी देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी जा, कारण तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

नाव विसरलं, चाल आठवते

तिसरी जागा आहे विसराळूपणाच्या आजाराची, म्हणजे डिमेन्शियाची. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ मुलाचं नाव विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात. पण 'महाभारत' मालिकेचं शीर्षकगीत लागलं की त्याच्याबरोबर गुणगुणायला लागतात आणि शब्द बऱ्यापैकी जागेवर पडतात. घरच्यांना वाटतं, आजोबांना सगळं आठवायला लागलं.

तसं नसतं. अल्झायमर हा डिमेन्शियातला सर्वांत जास्त आढळणारा आजार. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की जुन्या ओळखीचं संगीत ज्या भागांत साठलेलं असतं, ते भाग या आजारात मेंदूच्या इतर भागांच्या मानाने उशिरा खराब होतात. त्यामुळे नावं गेली तरी चाली राहतात. त्याने आजार मागे फिरत नाही आणि तसा दावा कुणी करत असेल तर त्यावर पैसे घालवू नका. पण ओळखीच्या गाण्याने संध्याकाळची चलबिचल कमी होते, माणूस दोन घास शांतपणे खातो, आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीला पंधरा मिनिटं उसंत मिळते. डिमेन्शियाच्या घरात पंधरा मिनिटांची उसंतही मोठी असते. फक्त एक पथ्य पाळा. एक गाणं लावा, ते संपलं की बंद करा. दिवसभर टीव्ही चालू राहिला तर त्याच आजोबांचा गोंधळ वाढतो.

गाणं बंद पडलं की

आता या सगळ्यातली अडचण. काकूंची मालिका पुढे दीड वर्षाने संपली. त्यानंतर त्या आल्या तेव्हा रक्तदाब पुन्हा १६० च्या वर. "नवीन मालिका मला आवडत नाही, म्हणून टीव्ही लावत नाही," एवढंच म्हणाल्या आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. गाणं गेलं तशी गोळीही गेली होती. मग आम्ही तो इशारा बदलला. रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की गोळी. ताट रविवारीही असतं आणि वाहिनीवाले ते बंद करू शकत नाहीत.

विजेचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, मोबाइलचा गजरही नाही. एरवीही पावसाळ्यात आपल्याकडे दिवे जायला निमित्त लागत नाही. म्हणून औषध बांधायचं ते विजेवर न चालणाऱ्या गोष्टीला: ताटाला, दात घासण्याला, दाराच्या कडीला. गाणं हा वरचा दुसरा इशारा असू द्यावा.

त्याहून मोठा बदल आता झाला आहे. एका घरात चार माणसं चार मोबाइलवर चार मालिका बघतात, हव्या तेव्हा, आणि शीर्षकगीत आलं की बोटाने पुढे ढकलतात. आवाज कानात घातलेल्या बोंडांत. सासूबाईंना काय झालं ते सुनेला "गाणं लागलं होतं तेव्हा" या शब्दांत सांगता आलं, कारण गाणं दोघींना ऐकू येत होतं. काकूंची गोळी चुकली नाही त्यालाही एक कारण होतं. गाणं लागलं की आतून नातू ओरडायचा, "आजी, गोळी!" गोळीची आठवण गाण्याने केली, पण राखण घरातल्या माणसांनी केली.

आणि कोकणात तर अर्ध्या घरांत म्हातारी दोघंच राहतात. मुलं मुंबई-पुण्याला. त्या घरात आजींनी गोळी घेतली की नाही हे विचारणारं कुणी नाही आणि रात्री आठला त्या ठीक होत्या हे सांगणारंही कुणी नाही. यावर माझ्या एका पेशंटच्या मुलाने शोधलेला उपाय मी आता सगळ्यांना सांगतो. तो मुंबईला असतो. आई जी मालिका पाहते ती सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी तो रोज फोन करतो. "गोळी घेतलीस? बरी आहेस ना?" एवढंच. गाणं सुरू झालं की आईच "ठेव आता" म्हणते. त्या दोन मिनिटांत गोळी होते, आवाज स्वच्छ आहे की बोबडा हे कळतं, आणि शेवटचं नीट बोलणं कधी झालं याची नोंद मुलाच्या फोनमध्ये मिनिटासकट राहते.

तुम्ही आज काय करायचं ते थोडक्यात:

१. रोज घ्यायची गोळी घड्याळाच्या आकड्याऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. सुट्टीच्या दिवशी आणि वीज गेल्यावरही होणारं काम निवडा.

२. गोळ्यांची डबी त्या कामाच्या जागीच ठेवा, मात्र लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. वारांच्या खणांची डबी मिळते, ती उत्तम. घेतली की नाही हा वाद उरत नाही.

३. तपासणीला येताना उरलेल्या गोळ्याही आणा. आम्ही रागावत नाही. त्या मोजल्याशिवाय औषध वाढवलं तर तुमचंच नुकसान होतं.

४. बरं वाटतं म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका.

५. आई-वडील गावाला एकटे असतील तर रोज एक ठरलेल्या वेळेचा फोन करा.

आज रात्री घरातल्या ज्येष्ठांची मालिका सुरू झाली की त्यांच्या शेजारी जाऊन बसा. गाणं चालू असतानाच विचारा, "आजची गोळी झाली का?"